कोंबडीच्या रांगेपासून

दिवस पहिला, रविवार

दादा गेली बारा वर्षं लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला राहतो. मी उतरल्यापासून त्याचा एकच धोशा होता, "डिस्नीलँड नंतर. आधी नॉट्स बघ, मूळ तिथे आहे." मी प्रायोगिक नाटकांची प्रकाशयोजना करते. राइडमध्ये बसून किंचाळायची हौस मला नाही, पण अंधारात माणसाला काय दाखवायचं आणि काय लपवायचं हे ज्यांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वी ठरवलं, त्यांची कामं एकदा जवळून बघायची होती. दहा वर्षांच्या भाचीला हे कारण काही पटलं नाही. "आत्या, तुला भीती वाटते असं सरळ सांग ना." सांगितलं.

तिच्या हातात एक छोटी वही होती. पानावर उभी रेघ मारून दोन रकाने पाडलेले, एकावर 'रांग' आणि दुसऱ्यावर 'आत'. दोन्हींत मिनिटं लिहायची. शाळेचं काही नाही, तिचा स्वतःचाच उद्योग. वहिनी म्हणाली, "बापावर गेलीय. हिशेब लागल्याशिवाय मजा येत नाही."

नॉट्स बेरी फार्म ही करमणुकीची बाग ब्यूना पार्क गावात, बीच बुलेव्हार्डला लागून आहे. नावात शेत आहे, पण शेताचा मागमूस नाही. एके काळी मात्र होतं. वॉल्टर आणि कॉर्डिलिया नॉट हे जोडपं १९२० साली इथे आलं आणि रस्त्याकाठी टपरी टाकून बेरी विकू लागलं. जवळच अ‍ॅनाहाइमला रूडॉल्फ बॉयझन नावाच्या माणसाने बेरींचे संकर करून पाहिले होते आणि नाद सोडून दिला होता. त्याच्या जुन्या शेतातल्या मरायला टेकलेल्या वेली नॉटने आणून जगवल्या. फळ अंगठ्याएवढं, जांभळं-काळं, आंबटगोड. नॉटने त्याला बॉयझनचंच नाव दिलं, बॉयझनबेरी, आणि १९३२पासून विकायला ठेवलं. दुसऱ्याच्या वेलीला दुसऱ्याचंच नाव ठेवणारा धंदेवाईक विरळाच.

मग आली मंदी. जून १९३४मध्ये एका संध्याकाळी कॉर्डिलियाबाईंनी लग्नातली ठेवणीतली ताटं बाहेर काढली आणि आठ जणांना तळलेल्या कोंबडीचं जेवण वाढलं. दर ताटाला ६५ सेंट. बाईंच्या हाताला चव असणार, कारण १९४०पर्यंत रविवारच्या संध्याकाळी चार-चार हजार ताटं जाऊ लागली. आता चार हजार माणसं जेवायची म्हणजे कुठल्याही क्षणी पुष्कळ माणसं बाहेर ताटकळत उभी. पोरं रडताहेत, म्हातारे कंटाळलेत, काही जण परत फिरताहेत. वॉल्टरला ते बघवेना. त्याने आधी बारीकसारीक गमती मांडल्या, छोटासा ज्वालामुखी, जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरातल्या शेकोटीची नक्कल. एवढ्याने भागेना, तेव्हा १९४०मध्ये त्याने एक अख्खं ओसाड गाव उभारायला घेतलं. सोन्याचांदीच्या खाणींभोवती वसून नंतर उजाड झालेली गावं पश्चिमेकडे पुष्कळ होती. तिथली काही घरं त्याने उचलून आणली, काही तशीच बांधून घेतली. तेच आजचं 'घोस्ट टाउन'. तेव्हा तिकीट नव्हतं, कुंपण नव्हतं. कुंपण १९६८ साली आलं आणि दाराशी २५ सेंट पडू लागले.

गावातून फिरताना मी पायाखालच्या फळ्या बघत होते. रंग उडालेला, कडा झिजलेल्या, आणि हे झिजणं खरं. नाटकात आम्ही तीन रात्री खपून लाकूड जुनं दाखवतो. इथे ऐंशी वर्षांच्या चपलांनी ते काम फुकट केलंय. लोहार भट्टीवर बसलेला होता, तुरुंगाच्या खिडकीत पुतळा होता. बाजूने १९५२पासून चालणारी नॅरोगेज आगगाडी धापा टाकत गेली. या गाडीवर दरोडा पडतो. दोन दरोडेखोर डब्यात चढले आणि भाचीकडे बंदूक रोखून पैसे मागितले. तिने वही पुढे केली. एकाने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, यापेक्षा माझी अवस्था बरी.

बर्ड केज थिएटर त्या दिवशी बंद होतं, तरी दाराशी मी उगाच दहा मिनिटं काढली. १९५४पासून इथे जुन्या पद्धतीची मेलोड्रामा नाटकं होत. खलनायक आला की प्रेक्षकांनी हुर्यो करायची, नायिका आली की उसासे टाकायचे. पुढे मोठा विनोदी नट झालेला स्टीव्ह मार्टिन पोरवयात इथे दिवसाला अनेक प्रयोग करायचा. दिवसातून एकच वाक्य पाच वेळा पाच वेगळ्या गर्दीसमोर टाकायला मिळणं म्हणजे काय, हे नाटकवाल्याला विचारा.

आणि मग कॅलिको माइन राइड. बड हर्लबट नावाच्या माणसाने १९६०मध्ये स्वतःचे पैसे घालून नॉटच्या जागेवर हा डोंगर उभा केला. बाहेरून बघितलं तर रांगेत पंचवीस-तीसच माणसं दिसत होती. भाची खूश. आत वळलो तर रांग डोंगराच्या अंगाखांद्यावरून वर चढत होती, खडकाआड जात होती, पुन्हा बाहेर येत होती. प्रत्येक वळणावर खाली खाणीची गाडी बोगद्यात शिरताना किंवा बाहेर पडताना दिसायची. माणूस थांबलेला असतो, पण त्याला थांबल्यासारखं वाटत नाही. रांग लपवायची ही युक्ती बघून वॉल्ट डिस्ने हर्लबटवर बेहद्द खूश झाला होता, असं सांगतात. गाडी डोंगराच्या पोटात शिरली की एक प्रचंड गुहा उघडते, आणि तिच्या भिंतींवर खालपासून वरपर्यंत चिमणीएवढे कंदील घेतलेले खाणकामगार. दिवे इतके मंद की गुहेची खोली डोळ्यांना मोजताच येत नाही. मी मनातल्या मनात हात जोडले.

"सदतीस आणि आठ," भाचीने नोंद केली.

संध्याकाळी कोंबडी खायची ठरली होती. पण रविवार. बाहेरच्या बाकांवर, पायऱ्यांवर, कट्ट्यावर माणसंच माणसं. पोरगी भुकेने कळवळली होती. दादा म्हणाला, "जाऊ दे, परत येऊ." घरी येऊन वहिनीने खिचडी टाकली.

दिवस दुसरा, सोमवार

नॉट्सपासून डिस्नीलँड दहा-बारा किलोमीटरवर. जागा तिथेच का, याचं उत्तर भावनेचं नाही, कागदावरचं आहे. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या हॅरिसन प्राइसने १९५३ साली लोकवस्ती कुठे सरकते आहे आणि नवा महामार्ग कुठून जाणार आहे याचा अभ्यास करून अ‍ॅनाहाइमवर बोट ठेवलं. संत्र्याच्या बागांची १६० एकर जमीन. जुलै १९५४मध्ये काम सुरू, १७ जुलै १९५५ला उद्घाटन. एका वर्षात, १ कोटी ७० लाख डॉलर ओतून.

उद्घाटनाच्या दिवसाची गोष्ट दादा रांगेतच सांगायला लागला, कारण सांगायला रांगेइतकी चांगली जागा नाही. आमंत्रणं सुमारे अकरा हजार, आली अठ्ठावीस हजार माणसं. बनावट तिकिटं छापली गेली होती. पारा अडतीसच्या आसपास. नुकतंच टाकलेलं डांबर मऊ पडून बायकांच्या टाचा रुतत होत्या. नळ-कामगारांचा संप झालेला, त्यामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ की संडास, यातलं एकच वेळेत होणार होतं. वॉल्ट डिस्नेने संडास निवडले. जिथे झाडं लावून झाली नव्हती तिथे वाढलेल्या तणाला लॅटिन नावांच्या पाट्या ठोकल्या. आणि हे सगळं एबीसी वाहिनीवरून थेट देशभर दिसत होतं. तीन निवेदकांपैकी एक रोनाल्ड रेगन, तेव्हा फक्त नट. आतले लोक पुढे कित्येक वर्षं त्या दिवसाला 'काळा रविवार' म्हणत. पाटीवाली तणाची युक्ती मला फार आवडली. नेपथ्य अपुरं असलं की आम्हीही असंच काहीतरी करतो आणि समीक्षक त्याला प्रतीक म्हणतात.

मेन स्ट्रीटवर शिरताच डावीकडे अग्निशमन ठाणं आहे. त्याच्यावरच्या मजल्यावर वॉल्टची राहायची खोली होती. खिडकीत दिवा कायम लावलेला असतो. समोर ऑपेरा हाउसमध्ये एक साधा हिरवा लाकडी बाक ठेवलाय, लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कातून आणलेला. पोरी मेरी-गो-राउंडवर बसलेल्या आणि बाप बाकावर शेंगा खात, आईबापांनाही पोरांबरोबर मजा करता येईल अशी जागा का नाही, हा विचार करत, ही त्या बाकाची कथा. म्हणजे इथेही मुळाशी ताटकळणारं माणूसच. नॉटकडे भुकेलं, इथे कंटाळलेलं.

टिकी रूम या गाणाऱ्या यांत्रिक पक्ष्यांच्या शोसाठी मी सगळ्यांना ओढत नेलं. वहिनीला वाटलं पोपट बघण्यात काय आहे. बरोबर आहे, आज काहीच नाही. पण २३ जून १९६३ला हा शो उघडला तेव्हा आवाज आणि हालचाल एकत्र बांधलेलं असं यंत्रपात्रांचं नाटक लोकांनी पाहिलंच नव्हतं. त्याला ऑडिओ-अ‍ॅनिमॅट्रॉनिक्स हे नाव पडलं. रचना अशी: टेपवर पक्ष्यांच्या आवाजाबरोबर वेगळे सूर नोंदवायचे, त्या सुराने धातूची पट्टी थरथरते, विजेचं मंडल जोडलं जातं, झडप उघडते, हवेच्या दाबाने चोच हलते. आज नियंत्रण संगणकावर असेल, पण चोची त्याच. गाणं क्षणभर थांबलं की छतातून बारीक टकटक ऐकू येते, दोनशेवर पक्षी-फुलांची तोंडं एकदम मिटल्याची. मी कान तिथेच लावून बसले होते.

गंमत अशी की ही जागा मुळात हॉटेल म्हणून आखलेली. लोकांनी जेवायचं आणि जेवताना वर पक्षी गाणार. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पक्षी गात असताना जेवणारा उठणार नाही, आणि पहिली पंगत उठली नाही तर दुसरी बसणार कशी? जेवण रद्द, नुसता शो राहिला. हॉटेलचा पुरावा म्हणजे या छोट्या नाट्यगृहाला स्वतःचं स्वच्छतागृह आहे. नॉटकडे जेवणाने खेळ जन्माला घातला, इथे खेळाने जेवण गिळलं.

पंगतीचा प्रश्न त्यांनी चार वर्षांनी सोडवला. पायरेट्स ऑफ द कॅरिबियन ही राइड १८ मार्च १९६७ला उघडली, आणि तिच्या पोटातच ब्लू बायू हे हॉटेल. तुम्ही होडीत बसता. अंधार, पाणी, काजवे, एका खोपटाच्या ओसरीवर डुलत्या खुर्चीत म्हातारा, कुठूनतरी बॅन्जो. आणि उजव्या हाताला पलीकडच्या काठावर कंदिलांच्या उजेडात माणसं खरोखर जेवत बसलेली. त्यांच्यासाठी आपण देखावा, आपल्यासाठी ते. इथे भर दुपारी बारा वाजताही रात्र असते. आम्हाला तिथे जेवायचं होतं, पण आरक्षण करायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते विसरले होते. होडीतून जाताना वहिनीने त्या टेबलांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

ही राइड आधी चालत बघायचं मेणाच्या पुतळ्यांचं दालन होणार होती. पण न्यूयॉर्कच्या १९६४-६५च्या जागतिक मेळ्यात डिस्नेच्या लोकांनी 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' केलं, त्यात होड्या पाण्याच्या प्रवाहावर एकामागून एक सोडल्या आणि रांग भराभर पुढे सरकली. चालणारा माणूस आवडलेल्या पुतळ्यापाशी रेंगाळतो, मागचे खोळंबतात. होडी रेंगाळत नाही. म्हणून चाच्यांना पाणी मिळालं. दुसरी अडचण जागेची होती. बागेभोवती मातीचा उंच बांध आहे, त्यावरून आगगाडी जाते, बाहेरचं जग आत दिसू नये म्हणून. बांधाच्या आत एवढा देखावा मावेना. तेव्हा इमारत बांधाबाहेर बांधली आणि होडी दोन धबधब्यांवरून खाली सोडून रुळांखालून पलीकडे नेली. ओरडणाऱ्यांना वाटतं धबधबा थरारासाठी आहे. आहे तो रेल्वेखालून जाण्यासाठी.

पेटलेलं गाव येतं तिथे मी वळून वळून दिव्यांच्या जागा शोधत होते. ज्वाला म्हणजे पंख्यावर फडफडणारं पातळ चकचकीत कापड आणि त्यावर नारिंगी प्रकाश, एवढंच. अ‍ॅनाहाइमच्या अग्निशमन प्रमुखाला ते इतकं खरं वाटलं की खरी आग लागली तर हा देखावा आपोआप बंद व्हावा अशी मागणी त्याने केली, अशी कथा आहे. प्रकाशयोजनाकाराला याहून मोठं बक्षीस कुणी देऊ शकत नाही. हे सगळं उघडलेलं मात्र वॉल्टने पाहिलं नाही. १५ डिसेंबर १९६६ला तो गेला.

शेजारीच हाँटेड मॅन्शन. पांढरा वाडा १९६३ साली बांधून तयार होता, पण आत काय ठेवायचं यावर वाद चालले आणि दार उघडलं ते ९ ऑगस्ट १९६९ला. सहा वर्षं रिकामा वाडा उभा, त्यामुळे अफवांचं काम आपोआप झालं. आत गेलात की अष्टकोनी खोलीत दार बंद होतं आणि भिंती लांबायला लागतात, तसबिरी खाली खाली उलगडतात. ही खोली म्हणजे लिफ्ट. इथेही रुळांखालून जायचंच होतं. शेजारी धबधब्याने केलं ते इथे लिफ्टने.

पण मी ज्यासाठी आले होते ते पुढे होतं, मेजवानीचं दालन. तुम्ही वर सज्जातून सरकत जाता, खाली पारदर्शक भुतं नाचताहेत, एक भूत वाढदिवसाचा केक फुंकतंय. ही युक्ती जॉन हेन्री पेपरने १८६२ साली लंडनला रॉयल पॉलिटेक्निकमध्ये दाखवली होती. प्रेक्षक आणि रंगमंच यांच्यामध्ये काच, खरी पात्रं प्रेक्षकाला दिसणार नाहीत अशा जागी, आणि त्यांच्यावर दिवा पडला की काचेत त्यांचं भूत. इथे ती पात्रं तुमच्या पायाखाली आणि डोक्यावर आहेत. नाचणारी जोडपी नीट बघितली तर पुरुषाऐवजी बाई पुढाकार घेताना दिसते, कारण प्रतिबिंबात डावं-उजवं उलटतं हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. मी भाचीला ते दाखवलं. ती म्हणाली, "चुकलं नसेल. भुतांत तसंच असेल."

रात्री घरी जाताना दादाने गाडीत 'ई तिकिटा'ची गोष्ट काढली. सुरुवातीला प्रवेशाचा एक डॉलर आणि प्रत्येक राइडचे वेगळे पैसे. मग अ, ब, क अशा प्रतींची तिकिटं एका पुस्तकात बांधून मिळू लागली. १९५९ साली मॅटरहॉर्नचा डोंगर आला आणि ई प्रत निघाली, सगळ्यांत भारी राइडसाठी. पुस्तकं १९८२मध्ये बंद झाली तरी शब्द उरला. सॅली राइड नावाची अंतराळवीर १९८३मध्ये अवकाशात गेली तेव्हा तिने उड्डाणाचं वर्णन ई तिकीट असंच केलं होतं. आता प्रवेशालाच शंभर डॉलरच्या वर पडतात आणि आत सगळं 'फुकट'. माझ्या मते जुनी पद्धत बरी. अ प्रतीची तिकिटं संपवायची म्हणून तरी लोक घोड्याच्या ट्राममध्ये बसत.

वहीतली बेरीज: रांग २०४, आत ७१.

दिवस तिसरा, मंगळवार

पाय सुजले होते. नवे बूट घालून आले हा मूर्खपणा माझाच.

मॅटरहॉर्नला मी खाली थांबले. नळीसारख्या पोलादी रुळांवर धावणारी ही पहिली रोलरकोस्टर. आज जगभर ज्या गिरक्या घेणाऱ्या गाड्या आहेत त्या सगळ्यांची आजी. दादा आणि भाची केस विस्कटून परतले. राजा आर्थरच्या मेरी-गो-राउंडवर मात्र बसले. १९२२ साली घडवलेला हा पाळणा टोरांटोच्या एका बागेतून विकत आणला आणि सगळ्या घोड्यांना उड्या मारत्या पवित्र्यात बसवलं. स्मॉल वर्ल्डबद्दल मी काही लिहीत नाही. ते गाणं अजून डोक्यातून गेलेलं नाही.

दिवसाची खरी भेट अनपेक्षित होती. स्टार टूर्स या राइडच्या रांगेत दोन यंत्रमानव दुरुस्तीचं काम करत बडबडतात. दादाने कानात सांगितलं, "पाय बघ." बदकासारखे पडदे असलेले पाय! याच बागेत १९७४ ते १९८८ 'अमेरिका सिंग्ज' नावाचा शो होता, त्यात शंभरावर गाणारे प्राणी. त्यातल्या दोन हंसांची पिसं-कातडी सोलून, आतला सांगाडा तेवढा ठेवून हे यंत्रमानव बनवले. बाकीचे बरेच प्राणी १९८९च्या स्प्लॅश माउंटनमध्ये गेले. आम्ही गेलो त्या वसंतात ती राइडही बंद होणार हे जाहीर झालेलं, ३० मे २०२३ तिचा शेवटचा दिवस, त्यामुळे निरोप घेणाऱ्यांची ही गर्दी. ज्या नाटकातले प्राणी ते नाटक कधीच संपलं, ज्या राइडमध्ये आले तीही संपणार. आमच्या संस्थेच्या गोदामात एक सिंहासन आहे, ते आजवर सात नाटकांत सात राजांचं झालंय. मला त्या हंसांबद्दल एकदम जवळीक वाटली.

दुपारी गोल्डन हॉर्सशू सलूनमध्ये आइस्क्रीम घेऊन बसलो. इथे १९५५पासून १९८६पर्यंत एकच नृत्यविनोदी शो चालला, गिनीज बुकात नोंद होण्याइतके प्रयोग झाले. मुख्य विदूषक वॉली बोग. काल टिकी रूममध्ये होजे नावाचा जो पोपट बोलला तो याचाच आवाज. स्टीव्ह मार्टिन बर्ड केजला जाण्याआधी डिस्नीलँडमध्येच माहितीपुस्तिका विकत असे आणि वेळ मिळाला की इथे येऊन बोगला बघत बसे. सज्जात बसून मी रिकाम्या रंगमंचाकडे बघितलं. फार लहान आहे. खोली जेमतेम, विंगा अरुंद.

रात्री 'फँटॅस्मिक'. नदीकाठी दोन तास आधी चटई टाकून बसावं लागतं. भाचीने ते रांगेत धरायचं की नाही यावर वहिनीशी वाद घातला. १९९२पासूनचा शो. पाण्याच्या तुषारांचा पडदा करून त्यावर चित्रपट दाखवतात. वारा सुटला की मिकीचं तोंड हलकेच पसरतं, आणि मला तेच सुंदर वाटलं. शेवटी ४५ फुटी ड्रॅगन उठतो, आग ओकतो, नदी पेटते. आम्ही बघितला त्यानंतर थोड्याच दिवसांत, २२ एप्रिलला, प्रयोग चालू असताना त्या ड्रॅगनने स्वतःच पेट घेतला. कुणी दगावलं नाही. शो पुढे मे २०२४मध्ये परत सुरू झाला, ड्रॅगनशिवाय. दादाने बातमी पाठवली तेव्हा मला अग्निशमन प्रमुख आठवले.

दिवस चौथा, बुधवार

युनिव्हर्सल स्टुडिओज हॉलिवूड. लांबचा पल्ला, सकाळची वाहतूक, सगळे थोडे चिडलेले.

इथेही गोष्ट कोंबडीपाशीच येते. कार्ल लेम्लेने १९१५ साली युनिव्हर्सल सिटी उघडली तेव्हा २५ सेंट घेऊन लोकांना लाकडी पायऱ्यांवर बसवून मूकपटांचं चित्रण बघू देत. खायला कोंबडीचा डबाही मिळे. लोक नायकाला टाळ्या देत, खलनायकाला शिव्या. मूकपटाला ते चालून जाई. बोलपट आले आणि प्रेक्षकांना घरी बसवावं लागलं. पुढे साठच्या दशकात स्टुडिओच्या कँटीनला गिऱ्हाईक हवं म्हणून पर्यटकांच्या बस जेवायला आत सोडू लागले, असं सांगतात. बसमधली माणसं जेवणापेक्षा खिडकीबाहेरच जास्त बघताहेत हे उमगायला वेळ लागला नाही. जुलै १९६४मध्ये स्वतःची ट्रामची सहल सुरू झाली.

ट्राम चांगली तासभर चालते. १९७६पासून पाण्यातून उसळणारा शार्क उसळला. दात रबरी, उडी यंत्राच्या ठोक्यावर, आणि तरीही काठावरचे सगळे मागे सरकले, मीही. भुयारी रेल्वे स्थानकातला भूकंप मात्र पोटात गोळा आणणारा. छत कोसळतं, टँकर घसरत येतो, पाण्याचा लोंढा सुटतो, आणि दोन मिनिटांनी सगळं मुकाट्याने उलट्या क्रमाने जागेवर जातं. मला कोसळणं नाही, ते जागेवर जाणंच पुन्हा बघायचं होतं. ट्राम थांबत नाही.

बाकीचं जग तिथे थ्रीडी चष्म्याचं आहे. दोन राइडनंतर मी एका भिंतीला टेकून डोळे मिटून बसले. पडद्यावरचा थरार मला पुरेसा खोटा वाटत नाही; खोटं डोळ्यांसमोर हाताने घडलेलं हवं.

दिवस पाचवा, गुरुवार

विमान रात्रीचं. दादाने सामान डिकीत टाकलं आणि गाडी परत ब्यूना पार्ककडे वळवली.

मिसेस नॉट्स चिकन डिनर रेस्टॉरंट बागेच्या कुंपणाबाहेर आहे, तिकीट लागत नाही. गुरुवार दुपार, तरी वीसेक माणसं पुढे होती. नाव लिहून दिलं. वहिनी बाकावर टेकली, दादा फोनवर, मी भिंतीवरचे जुने फोटो बघत होते. रस्त्यावर वळण घेत गेलेली रांग, टोप्या, लांब झगे, आणि एका कडेला खडकावर चढून बसलेली दोन पोरं.

चाळीस मिनिटं कशी गेली कळलं नाही. आमचं नाव पुकारलं तेव्हा भाची जागेवर नव्हती. वहिनी घाबरीघुबरी झाली. दुसऱ्यांदा नाव पुकारलं. मी बाहेर पळाले. शेजारी जुन्या गिरणीचं पाणचक्कीचं मोठं लाकडी चाक संथ फिरत होतं, फळ्यांवर शेवाळ, पाणी थेंबाथेंबाने निथळतंय, आणि ती कठड्याला पोट लावून चाकाच्या पात्यांची मोजणी करत होती.

"अगं, रांगेत उभी राहा म्हटलं होतं ना!"

"कुठली रांग?" ती म्हणाली.

कोंबडी आली. कुरकुरीत सालाखाली वाफ कोंडलेली, सोबत बटाट्याचं भरीत, मऊ बिस्किटं आणि लहान वाटीत ती जांभळी-काळी बेरी. कुणी बोलत नव्हतं. शेवटी पोरीने वही काढली, 'आत'च्या रकान्यात पंचावन्न लिहिलं, 'रांग'च्या रकान्यापाशी पेन्सिल थांबवली, आणि तो रिकामाच ठेवून वही मिटली.